जळलेला जोड आणि न उडालेला फ्यूज

मोटारगाडीचे काही बिघाड दिसायला मोठे असतात आणि निघतात किरकोळ. काही मात्र दिसायला किरकोळ असतात आणि त्यांच्या पोटात बरेच काही दडलेले असते. रेडिएटरच्या पंख्याला वीज पोचवणारा प्लास्टिकचा जोड जळणे, हा या दुसऱ्या जातीचा बिघाड. इथे त्याला श्टेकर म्हणतात, आपल्याकडच्या गॅरेजात सरसकट कनेक्टर. वस्तू काडेपेटीहून लहान, किंमत काही युरो. पण तो जळला की पंखा थांबतो, पंखा थांबला की गर्दीत इंजिन तापते, आणि इंजिन हाताबाहेर तापले की ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकते. मग दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. शिवाय जळणारा जोड दर वेळी एकटाच जळेल याची हमी नसते. त्याच्या आजूबाजूला प्लास्टिक, रबर आणि तेलाचे ओघळ असतातच.

आपल्यापैकी बहुतेकांकडे स्पोर्ट्स कार नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही हा लेख शेवटपर्यंत वाचावा अशी विनंती आहे. कारण हेच शास्त्र आणि हाच धोका पुण्या-मुंबईच्या घरातल्या गीझरच्या प्लगमध्ये आहे, इथल्या तळघरातल्या एक्स्टेन्शन केबलमध्ये आहे, आणि विजेवर चालणारी गाडी घरच्या साध्या सॉकेटवर चार्ज करणाऱ्यांच्या भिंतीतही आहे.

चालताना थंड, थांबल्यावर गरम

माझी गाडी दोन आसनांची, उघड्या छपराची, १९९० च्या दशकाच्या अखेरची. नंबरप्लेट हंगामी, एप्रिल ते ऑक्टोबर. हिवाळाभर ती गॅरेजात झोपलेली असते. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण हा दोष कोणा एका कंपनीची मक्तेदारी नाही. व्यवसायाने मी सॉफ्टवेअरवाला, पण डॉक्टरेट मेकॅनिकल इंजिनिअरिंगमधली, उष्णतेच्या वहनावरची. त्यामुळे तापमानाचा काटा जरा हलला तरी माझे लक्ष रस्त्याइतकेच त्याच्याकडे जाते.

जूनमधल्या एका शनिवारी बाड हॉम्बुर्गहून झालबुर्गचा चढ आम्ही व्यवस्थित चढलो. काटा मध्यावर स्थिर. परतताना ए-५ महामार्गावर, बाड हॉम्बुर्गच्या क्रॉइत्सजवळ नेहमीचा श्टाऊ लागला. गाड्या मुंगीच्या पावलाने सरकू लागल्या आणि काटा वर चढू लागला. रस्ता मोकळा झाला, वेग ऐंशीवर गेला, काटा पुन्हा खाली. शेजारी बसलेल्या सौ.ना त्याआधीच कसलासा वास येत होता. "मासळीसारखा," त्या म्हणाल्या.

या दोन खुणांनी अर्धे निदान झाले. चढावर इंजिनाला सर्वांत जास्त काम पडते. तिथे गाडी थंड राहिली, म्हणजे पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर आपापले काम करत होते. वेगात असताना समोरचा वारा आपसूक रेडिएटरमधून जातो. थांबल्यावर तो वारा पंख्याने ओढावा लागतो. तेव्हा चालताना थंड आणि थांबल्यावर गरम, असे झाले तर आधी पंख्याकडे पाहावे. उलट वेगात किंवा चढावर गाडी तापत असेल, तर पंख्याला दोष देऊ नये. गॅरेजवाल्याशी बोलताना एवढी एक गोष्ट नीट सांगितली तरी बरेच तास आणि पैसे वाचतात.

वारा आणि पाणी यांचे हे नाते मोटारीइतकेच जुने आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेन्झ मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या, तेव्हा त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. पाणी उकळून वाफेने उडून जायचे आणि वाटेत पुन्हा पुन्हा भरावे लागायचे. १९०० साली विल्हेल्म मायबाख यांनी मर्सिडीज गाडीसाठी मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या आणि मागे वारा ओढायला पंखाही होता.

आमच्या गावाचाही या इतिहासात वाटा आहे. १७ जून १९०४ रोजी गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत इथल्या झालबुर्गपासून सुरू झाली आणि तिथेच संपली. टाउनस डोंगररांगेतून उझिंगन, वाइलबुर्ग, लिमबुर्ग, क्योनिगश्टाइन असे फिरून येणाऱ्या मार्गाचे चार फेरे, मिळून पाचशेहून अधिक किलोमीटर. फ्रान्सचा लेऑं तेरी रिशार-ब्राझिए गाडीतून ५ तास ५० मिनिटांत पहिला आला. मर्सिडीज चालवणारा बेल्जियमचा कामिय येनात्सी दुसरा. उघड्या रस्त्यावर या गाड्यांना वाऱ्याची कमतरता नव्हती. आज त्याच रस्त्यांवर शनिवारी आपण पहिल्या गिअरमध्ये उभे असतो, आणि आपले इंजिन एका विजेच्या पंख्यावर अवलंबून असते.

पूर्वी हा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावरच फिरायचा. त्याला ना तार, ना जोड. पुढे इंजिने आडवी बसू लागली, इंधन वाचवायची निकड आली, आणि गरज असेल तेव्हाच फिरणारा विजेचा पंखा सर्वत्र रूढ झाला. स्पोर्ट्स कारमध्ये नाक बुटके आणि जागा अपुरी. त्यामुळे पंख्याचा जोड बहुधा अशा कोपऱ्यात असतो, जिथे रेडिएटरची ऊब, पावसाचे शिंतोडे आणि रस्त्यावर पसरलेले मीठ हे तिन्ही पोचतात.

एक पिन काळी, एक पिन चकचकीत

काम सुरू करण्याआधी एक सूचना. हा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात घालण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच उघडू नये. एक बार जादा दाबाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि तेच पाणी एका क्षणात वाफ होऊन अंगावर येते.

फ्यूज पाहिला, शाबूत होता. ४० अँपिअरचा. मग रिलेकडे वळलो. जर्मन रिलेवर पायांजवळ ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे छापलेले असतात. हे आकडे डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातले. ३० म्हणजे थेट बॅटरीकडून आलेली धन तार, ३१ म्हणजे ऋण, ८५ आणि ८६ ही रिलेच्या गुंडाळीची टोके, आणि ८७ म्हणजे पुढे पंख्याकडे जाणारी तार. नाना पेठेतल्या दुकानात घेतलेल्या रिलेवरही तुम्हाला हेच आकडे दिसतील. रिले काढला, बॅटरी पुन्हा जोडली आणि ३० व ८७ च्या खाचा एका जाड तारेने सांधल्या. पंखा फिरला नाही. काठीने जोडाला किंचित ढोसले. पंखा घरघरत सुरू झाला. चोर सापडला.

बॅटरी काढून जोड उघडला. त्यात दोनच पिना, एक धन आणि एक ऋण. धन पिनेभोवतीचे प्लास्टिक काळे पडून ओघळले होते, पिन निळसर-काळी, तारेचे आवरण कडक होऊन तडकलेले. ऋण पिन मात्र नवीसारखी चकचकीत. माझी धाकटी मुलगी बॅटरी धरून उभी होती. तिने विचारले, "बाबा, एवढं जळलं तर फ्यूज का नाही उडाला?"

या प्रश्नाचे उत्तर त्या दोन पिनांतच होते. पंख्याकडे धन पिनेतून जितका प्रवाह जातो, तितकाच ऋण पिनेतून परत येतो. मध्ये दुसरी वाट नाही. दोघींतून अगदी सारखा प्रवाह जाऊनही एकच जळली. म्हणजे केवळ जास्त प्रवाह हे कारण असू शकत नाही. कारण त्या एका पिनेच्या आत होते, आणि त्याचे नाव रोध.

शाळेत शिकलेली दोन सूत्रे इथे पुरतात. पहिले गेओर्ग झिमोन ओहम यांचे, १८२७ च्या पुस्तकातले: प्रवाह गुणिले रोध म्हणजे व्होल्टेज. दुसरे जेम्स जूल यांचे, १८४१ मधले: प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध म्हणजे उष्णता. मी मल्टिमीटरच्या बारीक सुया जोडाच्या मागच्या बाजूने दोन्हीकडच्या तारांना टेकवल्या आणि पंखा अर्धा मिनिट चालवला. डीसी प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने प्रवाह दाखवला २४ अँपिअर. ऋण पिनेच्या सांध्यावर ०.०२ व्होल्ट. धन पिनेच्या सांध्यावर ०.९ व्होल्ट.

०.९ व्होल्ट ऐकायला काहीच नाही. पण त्याला २४ ने गुणा: सुमारे २२ वॅट. इलेक्ट्रॉनिक्सच्या डाखकामासाठी आपण जी छोटी सोल्डरिंग आयर्न वापरतो, ती साधारण २५ वॅटची असते. म्हणजे नखाएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या बंद डबीत, जवळजवळ एक सोल्डरिंग आयर्न सतत चालू होती. त्याच वेळी शेजारच्या ऋण पिनेत अर्धा वॅटही निर्माण होत नव्हता. पंख्याच्या चार चौरस मिलिमीटरच्या तारेतही उष्णता निर्माण होते. दोन मीटरला पाचेक वॅट. पण ती दोन मीटरभर पसरलेली असते आणि हवेत निघून जाते. जोडातली जाणार कुठे?

आता फ्यूजचे. फ्यूजला फक्त प्रवाह कळतो. जोडातला रोध वाढला की मंडलातला एकूण रोध वाढतो, आणि प्रवाह उलट थोडा कमीच होतो. फ्यूजच्या दृष्टीने सगळे आलबेल असते. शॉर्टसर्किट झाले, तार उघडी पडून पत्र्याला टेकली, तर फ्यूज उडेल. ते त्याचे काम आहे. सांध्यातल्या तापाची राखण करणे हे त्याचे कामच नाही. "फ्यूज उडाला नाही, म्हणजे वायरिंग ठीक आहे," हे वाक्य मी सुशिक्षित इंजिनिअरांच्या तोंडूनही ऐकले आहे. त्याहून धोक्याचे दुसरे वाक्य: "जरा मोठा फ्यूज घाला." फ्यूजचा आकडा तारेच्या जाडीला बेतून ठरवलेला असतो. ४० च्या जागी ६० चा घातला, तर पुढच्या शॉर्टसर्किटला तारच फ्यूज होते.

दोन किसण्यांची भेट

मग रोध वाढला कसा? धातूचे दोन पृष्ठभाग आपल्याला गुळगुळीत वाटले, तरी सूक्ष्म पातळीवर ते किसणीसारखे असतात. दोन किसण्या एकमेकींवर पालथ्या ठेवल्या, तर त्या फक्त काही टोकांवर टेकतील. बाकी सगळी पोकळी. पिन आणि तिच्या खाचेचेही तसेच. सबंध प्रवाह त्या मोजक्या ठिपक्यांतून दाटीवाटीने जातो. बर्लिनमध्ये सीमेन्सच्या प्रयोगशाळेत काम केलेले स्वीडिश शास्त्रज्ञ राग्नर होल्म यांनी या ठिपक्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचे ग्रंथ आजही या विषयाचा पाया मानले जातात.

होल्म यांच्या कामातली एक गोष्ट घरच्या दुरुस्तीलाही उपयोगी आहे. सांध्यावर किती व्होल्टेज पडते, यावरून आतल्या ठिपक्यांचे तापमान सांगता येते. मोटारीतल्या बहुतेक पिनांवर कथलाचा मुलामा असतो. सांध्यावर सुमारे ०.०७ व्होल्ट पडू लागले की ठिपक्यांवरचे कथील मऊ पडते, ०.१३ व्होल्टला ते वितळते, म्हणजे तिथे २३२ अंश झालेले असतात. म्हणून माझा आडाखा असा: पंखा पूर्ण वेगाने चालू असताना कोणत्याही एका सांध्यावर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर तो सांधा आजारी आहे, बाहेरून कितीही साजरा दिसो.

आजार सुरू होतो तो हलण्याने. गाडीच्या थरथरीने आणि गरम-थंड होण्याने पिन खाचेत केसाच्या जाडीहून कमी अंतर पुढेमागे सरकत राहते. प्रत्येक वेळी कथलाचा ताजा भाग उघडा पडतो, हवेशी संयोग पावतो आणि त्याची काळी भुकटी साचते. ती भुकटी वीज नीट वाहू देत नाही. रोध थोडा वाढतो, ताप थोडा वाढतो. पिनेला घट्ट धरणारी खाचेची स्प्रिंग बहुधा पितळेच्या जातीची असते. शंभर अंशांच्या आसपास सतत राहिली की तिचा ताण सुटू लागतो. पकड सैल झाली की ठिपके आणखी कमी, रोध आणखी जास्त, ताप त्याहून जास्त. सॉफ्टवेअरमध्ये आपण ज्याला अंत नसलेले लूप म्हणतो, तसे हे चक्र. फरक एवढाच, की हे प्लास्टिक वितळल्यावर थांबते. नायलॉनच्या जातीचे जे प्लास्टिक अशा जोडांत वापरतात, ते सुमारे २६० अंशांना वितळते. ओघळलेला जोड पाहिला की तिथे तापमान किती झाले होते हे थर्मामीटरशिवाय कळते.

याच चक्राची मोठी उदाहरणे जगाने पाहिली आहेत. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या मध्यापासून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अनेक घरांत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या. तारा बिघडल्या नाहीत. सॉकेट आणि स्विच यांच्या स्क्रूखालचे सांधे सैल होऊन तापले आणि आगी लागल्या. अगदी अलीकडे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून, एनव्हिडियाच्या नव्या ग्राफिक्स कार्डांचे वीजजोड वितळल्याच्या तक्रारी आल्या. मोटारीसारखेच १२ व्होल्ट. ६०० वॅटला ५० अँपिअर, तो सहा पिनांत वाटलेला. पुढच्याच महिन्यात कंपनीने सांगितले, की तपासलेल्या उदाहरणांत जोड पूर्ण आत बसलेला नव्हता. प्लग दोन मिलिमीटर बाहेर राहिला, तर ठिपके किती कमी होतात याचा हा धडा.

दुरुस्ती

गाडी प्रथम दोन गॅरेजांना दाखवली. एकाने पुढचा सगळा वायरिंगचा संच बदलायला सांगितला; रक्कम ऐकून मी आभार मानले. दुसरा जोड कापून तारा थेट एकमेकींना पिळून टेप लावून द्यायला तयार होता. पहिला उपाय चुकीचा नव्हे, पण बाकीच्या निरोगी तारांना शिक्षा होती. दुसऱ्याने पंखा फिरला असता, पण नवा आजारी सांधा जन्मला असता. शेवटी तासावर जागा आणि लिफ्ट भाड्याने देणाऱ्या एका झेल्ब्स्टहिल्फे-वेर्कश्टाटमध्ये मी काम केले. घराखालच्या रस्त्यावर गाडी उघडून बसणे इथल्या शेजाऱ्यांना रुचत नाही, आणि रविवारी तर मुळीच नाही.

पहिली पायरी, कारण तपासणे. पंख्याची मोटार जुनी होऊन जड फिरत असेल, तर ती जास्त प्रवाह ओढते. २४ च्या जागी ३४ अँपिअर झाले, तर फ्यूज तरीही गप्प, पण वर्गाच्या हिशेबाने प्रत्येक सांध्यातली उष्णता दुप्पट. अशा मोटारीला नवा जोड लावला तर तोही वर्ष-दोन वर्षांत जळेल. पाती हाताने फिरवून पाहिली, मोकळी फिरत होती; प्रवाहही या पंख्याला साजेसा होता. दोषी फक्त जोड ठरला.

दुसरी पायरी, जोडाच्या दोन्ही बाजू बदलणे. पंख्याकडची बाजू काळी दिसते म्हणून तेवढीच बदलायचा मोह होतो. पण समोरच्या खाचेची स्प्रिंगही त्याच आगीत बसलेली असते. नवी पिन ढिल्या खाचेत घातली की चक्र पहिल्यापासून सुरू. मी पावसापाण्यापासून बंद होणारी, ४० अँपिअर सतत वाहू शकणारी नवी जोडी घेतली.

तिसरी पायरी, तार मागे कापणे. जळलेल्या सांध्याजवळचे तांबे आवरणाच्या आत काही सेंटिमीटर काळे पडलेले असते. काळ्या तांब्यावर कोणताही सांधा टिकत नाही. मी कापत कापत सहा सेंटिमीटर मागे गेलो, तेव्हा गुलाबी, चकचकीत तांबे दिसले. तार आखूड पडली, म्हणून त्याच जाडीचा नवा तुकडा जोडला. दोन तारांचे सांधे शेजारी-शेजारी न ठेवता मागेपुढे ठेवले, म्हणजे आवरण खराब झाले तरी ते एकमेकांना टेकणार नाहीत.

चौथी पायरी, ज्यावर सर्वांत जास्त वाद होतो: डाख द्यायचा, की टर्मिनल पक्कडीने दाबून बसवायचे? आपण लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन डाखकाम करत वाढलेली पिढी. डाख दिला की काम पक्के, असे आपल्या हाडीमांसी मुरले आहे. स्थिर उभ्या असलेल्या रेडिओत ते खरेही आहे. गाडीत मात्र डाख तारेच्या धाग्यांत वर चढतो, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि जिथे तो संपतो तिथे थरथरीने धागे तुटू लागतात. शिवाय जुन्या शिसे-कथलाच्या डाखाची उत्तम जात १८३ अंशांना वितळते. सांधा आजारी पडला तर डाख आधी पळून जातो. योग्य पक्कडीने दाबलेल्या टर्मिनलमध्ये धागे आणि धातू इतके घट्ट दाबले जातात, की मध्ये हवाही राहत नाही. किसण्यांचे दात एकमेकांत रुततात. म्हणून मोटार कारखान्यांत तारांची टर्मिनले दाबूनच बसवतात. अट एकच: टर्मिनल, तारेची जाडी आणि पक्कडीचा साचा तिन्ही एकमेकांचे असले पाहिजेत. साध्या पक्कडीने चेपलेले टर्मिनल दिसते छान, पण आत पोकळी राहते. दाबल्यावर तार जोरात ओढून पाहावी. हलली, तर कापून पुन्हा करावे.

वर आतून डिंक असलेली, गरम केल्यावर आक्रसणारी नळी चढवली. नवा जोड लोंबकळत न ठेवता क्लिपने चौकटीला बांधला, म्हणजे थरथर कमी. आणि तारा खालून येतील असा ठेवला, म्हणजे पाणी तारेवरून ओघळत जोडात शिरणार नाही.

पाचवी पायरी बहुतेक लोक गाळतात: पुन्हा मोजणे. पंखा फिरला म्हणजे दुरुस्ती झाली, असे नव्हे. जळक्या जोडानेही तो फिरतच होता. नव्या जोडावर दोन्ही सांध्यांवर ०.०२ व्होल्ट भरले. म्हणजे बावीस वॅटचा अर्ध्यावर आला. पंख्याचा आवाजही चढा झाला, कारण हरवलेला जवळजवळ एक व्होल्ट त्याला परत मिळाला होता. हंगाम संपताना, ऑक्टोबरमध्ये गाडी झोपवण्यापूर्वी, मी पुन्हा मोजले. आकडा तोच होता.

नव्या गाड्यांविषयी एक इशारा. त्यांत पंख्याचा वेग इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवतो, आणि रिले सांधून पंखा चालवण्याची वर सांगितलेली युक्ती तिथे चालत नाही. सांधा ताप का धरतो याचे शास्त्र मात्र तेच आहे. संकरित आणि विजेच्या गाड्यांतल्या नारिंगी तारांना आपण हात लावू नये. ते काम प्रशिक्षित माणसांचेच.

घरातले जोड

आता आपल्या सर्वांच्या घराकडे. तीन किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर १३ अँपिअर ओढतो. आपल्याकडे बाथरूमबाहेरच्या सॉकेटची एक खाच तपकिरी, पिनही काळी, हे दृश्य कोणाला नवे आहे? सॉकेट जुना झाला, स्प्रिंग ढिली झाली, किंवा आतला स्क्रू सैल झाला. एमसीबी उडत नाही, कारण प्रवाह बरोबर १३ आहे. इलेक्ट्रिशियन येतो आणि प्लग बदलतो. जळका सॉकेट तसाच राहतो. वरच्या दुसऱ्या पायरीप्रमाणे दोन्ही बदलले पाहिजेत. आणि सॉकेटच्या स्क्रूखाली जाणाऱ्या धाग्यांच्या तारेला डाख देऊ नये. डाख दाबाखाली हळूहळू पसरतो आणि स्क्रू आपोआप सैल होतो. इथले इलेक्ट्रिशियन तारेच्या टोकावर आडरएंडहुल्झ नावाची छोटी नळी दाबून बसवतात, ती याचसाठी.

इथल्या घरात हीटर, कपडे वाळवण्याचे यंत्र आणि किटली एकाच एक्स्टेन्शनवर लावू नयेत. गुंडाळलेल्या केबलच्या चाकावर दोन आकडे छापलेले असतात, गुंडाळलेली असताना किती वॅट आणि पूर्ण उलगडल्यावर किती, ते वाचावेत. विजेची गाडी साध्या सॉकेटवर रात्रभर चार्ज करत असाल, तर तो सॉकेट किटलीसारखा तीन मिनिटे नव्हे, आठ-दहा तास सलग राबतो. दोन तासांनी प्लगला बाहेरून हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, तर चार्जिंग थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

आणि नाकावर विश्वास ठेवावा. तापलेल्या विद्युत प्लास्टिकचा वास पुष्कळदा मासळीसारखा येतो. घरात बांगडे तळलेले नसताना स्वयंपाकघराच्या भिंतीजवळ तसा वास आला, तर फ्यूज शाबूत आहे म्हणून निश्चिंत राहू नये. तो सॉकेट बंद करून उघडून बघावा, किंवा बघवून घ्यावा.

पुढच्या सुट्टीत घरी जाल, तेव्हा आई-वडिलांच्या गीझरचा प्लग मुख्य स्विच बंद करून एकदा बाहेर काढून पाहा. दोन मिनिटांचे काम आहे. पिना चकचकीत दिसल्या, तर परत लावा. एक जरी काळी दिसली, तर प्लग आणि सॉकेट दोन्ही त्याच आठवड्यात बदलून घ्या.